किडनीतली छोटी गाठ: पूर्ण किडनी काढायची की फक्त गाठ?



आपल्या पेजवर आपण डिझेल, बर्फ, जाळी, बंदीच्या तारखा यावर लिहितो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. सोसायटीच्या ऑफिसात लोक आता सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन येतात आणि विचारतात, "सेक्रेटरी भाऊ, यात काय लिहिलंय?" रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर घाईत, आणि घरी सगळे घाबरलेले. त्यात "किडनीत गाठ" असे कोणी म्हटले की घरात रडारड सुरू होते. कोणी बोट विकायची गोष्ट काढतो, कोणी बुवाबाबाकडे निघतो. म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही. पण जे डॉक्टरांकडून नीट समजून घेतले ते आपल्या भाषेत मांडतो, म्हणजे दवाखान्यात गेल्यावर योग्य प्रश्न विचारता येतील.

आधी एवढे समजून घ्या

किडनी म्हणजे मूत्रपिंड. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, कण्याच्या दोन्ही अंगाला एकेक असते. आकार साधारण मुठीएवढा, लांबी १० ते १२ सेंटिमीटर. रक्त गाळून घाण लघवीवाटे बाहेर टाकणे हे तिचे मुख्य काम. रक्तदाब सांभाळणे आणि रक्त बनवायला मदत करणे हेही तीच करते.

किडनीतली छोटी गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. मग सापडते कशी? माणूस जातो पथरीसाठी, पोटदुखीसाठी किंवा पित्ताच्या खड्यासाठी. सोनोग्राफी होते आणि त्यात गाठ दिसते. आज किडनीच्या निम्म्याहून जास्त गाठी अशा अचानकच सापडतात. पूर्वी सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन गावोगाव नव्हते. तेव्हा गाठ मोठी होऊन लघवीत रक्त आले, पोटाला गोळा लागला की मगच कळायचे, आणि तोपर्यंत उशीर झालेला असायचा. म्हणजे छोटी गाठ अचानक सापडली हे एका अर्थी नशीबच समजा.

प्रत्येक गाठ कॅन्सर नसते

रिपोर्टमध्ये "सिंपल सिस्ट" लिहिले असेल तर ती पाण्याची पिशवी. वय वाढले की अनेकांच्या किडनीत ती असते. तिला बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही.

गाठ भरीव असेल तर पुढची तपासणी लागते. शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन ही त्यातली मुख्य तपासणी. गाठीत ते औषध किती भरते, गाठ किती मोठी आहे, किडनीच्या कडेला आहे की आत मोठ्या रक्तवाहिनीजवळ, हे त्यात दिसते. या स्कॅनच्या आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासतात. डायबिटीसची गोळी चालू असेल, पूर्वी कशाची ॲलर्जी झाली असेल तर ते न विचारता सांगा.

चार सेंटिमीटरपेक्षा लहान भरीव गाठींपैकी साधारण पाचातली एक गाठ कॅन्सरची नसते. काही गाठींमध्ये चरबी असते, ते स्कॅनमध्ये ओळखू येते आणि ती साधी गाठ असते. शंका असेल तर डॉक्टर सुईने तुकडा घेऊन तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. आपल्याकडे एक पक्का समज आहे की "सुई लावली की कॅन्सर पसरतो". किडनीच्या गाठीत सुईमुळे पसरणे फारच क्वचित घडते. प्रत्येकाला बायोप्सी लागतेच असेही नाही. स्कॅनवरून चित्र स्पष्ट असेल तर डॉक्टर थेट ऑपरेशन सुचवतात. तुमच्या बाबतीत का हवी किंवा का नको, हे त्यांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

चार सेंटिमीटरचा हिशेब

गाठ किडनीच्या आतच आहे आणि चार सेंटिमीटर किंवा त्याहून लहान आहे, तर तो पहिल्या टप्प्यातलाही सुरुवातीचा भाग. चार ते सात सेंटिमीटर असेल तरी पहिलाच टप्पा, पण पुढचा भाग. कॅन्सर किडनीतच असताना सापडला तर पाच वर्षांनंतरही दहापैकी नऊहून जास्त लोक चांगले असतात, असे अमेरिकेतल्या मोठ्या नोंदी सांगतात. छोट्या गाठीसाठी ऑपरेशननंतर साधारणपणे केमोथेरपी लागत नाही. म्हणून "कॅन्सर" शब्द ऐकला म्हणजे सगळे संपले असे धरू नका.

पूर्वी काय करायचे, आता काय करतात

पहिली ठरवून केलेली किडनी काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये गुस्टाव्ह सिमोन या सर्जनने १८६९ साली केली. माणूस एका किडनीवर जगू शकतो हे तेव्हा जगाला दिसले. पुढे बराच काळ कॅन्सरसाठी मुख्य रीत ही होती: कुशीला मोठा चिरा, कधी बरगडीचा तुकडा काढायचा आणि पूर्ण किडनी आजूबाजूच्या चरबीसकट बाहेर. जीव वाचायचा, पण चिरा भरून यायला वेळ लागायचा आणि कुशीतली ताकद पुन्हा पहिल्यासारखी यायची नाही. जाळे ओढणाऱ्या माणसाला हे किती महाग पडते ते आपल्याला सांगायला नको.

१९९० साली अमेरिकेत सेंट लुईसमध्ये डॉ. राल्फ क्लेमन यांच्या टीमने दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून पहिल्यांदा पूर्ण किडनी काढली. त्यानंतर सर्जननी पुढचा प्रश्न विचारला: गाठ छोटी आहे तर पूर्ण किडनी का काढायची? फक्त गाठ काढून किडनी शिवता येणार नाही का? दुर्बिणीतून हे काम पक्के बसवण्यात लुधियानात शिकलेले डॉ. इंदरबीर गिल यांचे नाव जगभर घेतले जाते. त्यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये आणि नंतर लॉस एंजेलिसमध्ये हे काम केले.

आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घ्या. बोटीच्या एका फळीला कीड लागली तर आपण पूर्ण बोट मोडत नाही. किडकी फळी, बाजूची थोडी चांगली लाकडासकट, काढतो आणि जागा बंद करतो. पण कीड थेट मुख्य कण्यापर्यंत गेली असेल तर मिस्त्री वेगळा निर्णय घेतो. किडनीचेही तसेच आहे.

फक्त गाठ काढतात ती कशी?

पेशंटला पूर्ण भूल देतात आणि कुशीवर झोपवतात. पोटावर चार-पाच छोटी छिद्रे करतात, अर्ध्या सेंटिमीटरपासून साधारण सव्वा सेंटिमीटरपर्यंत. आत कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा मोकळी करतात. एका छिद्रातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारे. सर्जन सगळे पडद्यावर मोठे करून पाहतो.

किडनीभोवतीची चरबी बाजूला करून गाठ शोधतात. गरज पडली तर किडनीवरच छोटी सोनोग्राफी लावून गाठीची कड नक्की करतात. मग येते खरे कसोटीचे काम. किडनीत रक्ताचा मोठा प्रवाह असतो, नुसते कापले तर रक्तच रक्त. म्हणून किडनीला रक्त पुरवणाऱ्या मुख्य नळीवर चिमटा लावून प्रवाह थोडा वेळ बंद करतात. त्या क्षणापासून घड्याळ चालू. साधारण २५ ते ३० मिनिटांच्या आत गाठ, बाजूच्या चांगल्या भागाच्या पातळ थरासकट, कापून किडनी शिवायची आणि चिमटा सोडायचा. जास्त वेळ रक्त बंद राहिले तर उरलेली किडनीच खराब होऊ शकते. काही ठिकाणी चिमटा न लावता किंवा फक्त गाठीकडे जाणारी बारीक नळी बंद करूनही काम करतात.

कापलेली गाठ पिशवीत घालून बाहेर काढतात आणि तपासणीला पाठवतात. गाठ कोणत्या प्रकारची होती आणि कडेला काही राहिले का, हे त्या रिपोर्टमध्ये कळते. हा रिपोर्ट आयुष्यभर जपून ठेवा.

रोबोट ऑपरेशन म्हणजे काय?

रोबोट आपल्या मनाने ऑपरेशन करत नाही. सर्जन जवळच्या यंत्रावर बसून हात-पायांनी त्याचे हात चालवतो. रोबोटची अवजारे मनगटासारखी वळतात, म्हणून घड्याळाशी शर्यत असताना टाके घालणे सोपे जाते. पण कॅन्सर काढण्याच्या बाबतीत अनुभवी सर्जनचे साधे दुर्बिणीचे ऑपरेशनही चांगलेच असते. रोबोटचा खर्च जास्त येतो. म्हणून "रोबोट आहे का?" यापेक्षा "तुम्ही अशी किती ऑपरेशने केली आहेत?" हा प्रश्न महत्त्वाचा. तांडेल नवखा असेल तर नवे इंजिन काय कामाचे?

एक खरी गोष्ट, जी लोक सांगत नाहीत

फक्त गाठ काढल्याने किडनीचे काम जास्त टिकते, हे नक्की. युरोपात ५४१ पेशंटवर झालेल्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०११ साली आले, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना केली. कॅन्सर दोन्हीत चांगला आटोक्यात राहिला. किडनीचे काम गाठ काढलेल्यांमध्ये जास्त चांगले राहिले. पण आयुष्य जास्त वाढले असे त्या अभ्यासात दिसले नाही.

याचा अर्थ काय? गाठ अवघड जागी आहे, आणि डॉक्टर म्हणाले की पूर्ण किडनी काढणेच सुरक्षित, तर खचून जाऊ नका. दुसरी किडनी चांगली असेल तर माणूस नीट जगतो. किडनी दान करणाऱ्या आया-बहिणी हे दाखवतातच. पण ज्याला डायबिटीस आहे, बीपी आहे, वारंवार पथरी होते किंवा क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे, त्याच्यासाठी किडनीचा प्रत्येक तुकडा मोलाचा. डायलिसिस लागले तर बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन दिवस मशीनवर जावे लागते. मग आठ-दहा दिवसांची फेरी कशी करणार? आपल्या धंद्यात किडनी वाचवणे म्हणजे रोजी वाचवणे. म्हणून "गाठच काढता येईल का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पूर्ण किडनी काढायच्या कागदावर सही करू नका.

सगळ्यांना चिरफाड लागतेच का?

नाही. आणखी दोन वाटा आहेत.

एक, सुईने गाठ जाळणे किंवा गोठवणे. स्कॅनमध्ये पाहत कातडीतून सुई गाठीत घालतात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला ही रीत चांगली, खास करून वय झालेल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला. त्याच जागी गाठ परत येण्याची शक्यता ऑपरेशनपेक्षा थोडी जास्त असते, पण पुन्हा सुई करता येते.

दोन, नजर ठेवणे. छोट्या गाठी हळू वाढतात, सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच्या आसपास. म्हाताऱ्या, अनेक आजार असलेल्या माणसाला ऑपरेशनचा धोका गाठीपेक्षा मोठा असू शकतो. अशा वेळी सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन करत राहतात आणि गाठ वाढली तरच उपचार करतात. पण नजर ठेवणे म्हणजे विसरून जाणे नाही. सीझन चालू आहे म्हणून स्कॅनची तारीख चुकवणार असाल तर ही वाट तुमच्यासाठी नाही.

धोके कोणते?

छिद्रे छोटी असली तरी ऑपरेशन मोठेच आहे. रक्तस्राव होऊ शकतो, शिवलेल्या जागेतून लघवी झिरपू शकते, ताप येऊ शकतो. कधी मध्येच मोठा चिरा घ्यावा लागतो. तसे झाले तर सर्जन चुकला असे समजू नका, त्याने जीव सांभाळला.

एक गोष्ट आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवावी. काही थोड्या पेशंटमध्ये घरी आल्यावर, आठवडा-दोन आठवड्यांनीही, शिवलेल्या जागेतली रक्तवाहिनी फुटून लघवीत लाल रक्त येते. दवाखान्यात वेळेवर पोहोचले तर मांडीच्या किंवा हाताच्या नळीतून तार घालून ती वाहिनी बंद करतात. पण हेच किनाऱ्यापासून दूर, बोटीवर झाले तर? म्हणून साधारण दोन ते चार दिवसांत दवाखान्यातून सुट्टी मिळाली, टाके छोटे दिसले, तरी "आता बरा आहे" म्हणून समुद्रावर जायचे नाही. जड उचलणे, जाळे ओढणे, वायर-विंचचे काम निदान चार ते सहा आठवडे बंद, आणि पुढेही डॉक्टरांच्या परवानगीनेच. बोटमालकांना आमची हात जोडून विनंती: अशा खलाशाला फेरीवर घेऊ नका. त्याला जाळे विणायचे, हिशेबाचे, बसून करायचे काम द्या.

बंदीपर्यंत थांबले तर चालेल का?

हा प्रश्न सगळे विचारतात. चार सेंटिमीटरखालच्या गाठीत काही आठवडे इकडे-तिकडे झाल्याने सहसा फरक पडत नाही. एप्रिल-मेमध्ये गाठ सापडली आणि डॉक्टर हो म्हणाले तर जूनच्या पावसाळी बंदीत ऑपरेशन करून घेता येते, आराम आपोआप होतो. पण नारळी पौर्णिमेनंतर सापडली आणि तुम्ही पुढच्या जूनची वाट पाहिली, तर ते स्वतःच्या जिवाशी खेळणे. तारीख धंद्याने नाही, डॉक्टरांनी ठरवायची.

कुठे जायचे, पैसे कसे?

सुरतमध्ये पहिली तपासणी न्यू सिव्हिल किंवा स्मीमेरमध्ये करता येते. किडनीच्या सर्जनला युरॉलॉजिस्ट म्हणतात, त्यांनाच दाखवा. दुसरे मत घ्यायचे तर आपल्याच रेल्वे लाईनवर, बडोदा-आणंदच्या पुढे, नडियादला मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल आहे. १९७८ पासून ते फक्त किडनी आणि लघवीच्या आजारांचेच काम करते. डॉ. महेश देसाई यांच्यासारख्या सर्जनमुळे दुर्बिणीच्या कामासाठी त्याचे नाव देशाबाहेरही गेले. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात १९७२ साली स्थापन झालेली गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. मुंबईचे नातेवाईक असतील तर परळचे टाटा मेमोरियल आहेच.

आयुष्मान योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण होते. गुजरातमध्ये जुलै २०२३ पासून ते १० लाख झाले. ७० वर्षांवरच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता कार्ड मिळते. ज्यांचे रेशनकार्ड अजून महाराष्ट्रातल्या गावचे आहे त्यांनी कार्ड कुठून निघेल ते आजच तपासा, आजार आल्यावर नाही. ॲडमिट होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा: हे ऑपरेशन कार्डात बसते का, रोबोटचे जादा पैसे लागतील का? योजनेची चौकशी १४५५५ या नंबरवर होते.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा (फोटो काढून ठेवा)

१. गाठ किती सेंटिमीटर आहे आणि कुठे आहे?
२. फक्त गाठ काढता येईल का? नसेल तर कारण काय?
३. बायोप्सी हवी का?
४. दुर्बिणीने, रोबोटने की चिरा घेऊन? तुम्ही अशी किती केली आहेत?
५. सुई किंवा नजर ठेवणे माझ्यासाठी चालेल का?
६. माझे क्रिएटिनिन किती आहे, दुसरी किडनी कशी आहे?
७. समुद्रावर परत कधी जाता येईल?
८. पुढचे स्कॅन कधी कधी?

शेवटी, घरातल्या सगळ्यांसाठी

बिडी-सिगारेट, वाढलेले वजन आणि वाढलेले बीपी, या तिन्हींनी किडनीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. बोटीवर रात्रभर जागायला बिडी लागते असे म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. अंगदुखीसाठी रोज दुखण्याच्या गोळ्या खाणे, पाणी कमी पिणे, याने किडनी वेगळ्या वाटेने खराब होते. चाळिशीनंतर वर्षातून एकदा बीपी, शुगर, क्रिएटिनिन तपासा.

आणि सर्वात महत्त्वाचे. लघवीत रक्त दिसले, एकदाच दिसले, दुखले नाही, नंतर आपोआप थांबले, तरी "उष्णता झाली" म्हणून सब्जा आणि ताक पिऊन सोडून देऊ नका. दुखत नाही ते रक्त जास्त धोक्याचे. बोट किनाऱ्याला लागली की आधी डॉक्टर, मग लिलाव.

घरच्या बायकांनो, तुम्हाला खास सांगणे आहे. पुरुष माणूस हे घरी सांगत नाही, लाजतो. तुम्हीच विचारा, आणि दवाखान्यात सोबत जा.

कोणाकडे जुना रिपोर्ट पडून असेल, समजत नसेल, कार्ड निघत नसेल, तर कागद घेऊन ऑफिसात या. कोणत्या डॉक्टरकडे जायचे आणि कोणते कागद लागतील, हे बसून बघू. पोस्ट आपल्या बोटीच्या ग्रुपवर पाठवा.

आपला,
सेक्रेटरी, सोसायटी कमिटीच्या वतीने